तू कंपनी बदललीस तेव्हा

ताई,

परवा तुझा फोन वाजला. भावोजींनी तो माझ्याकडे ठेवायला दिलाय. त्यांच्या खिशात वाजला की ते दचकतात. मी नाव न बघता उचलला. पलीकडे एक मुलगी होती, फार लाघवी आवाजाची.

"रंजना मॅडम बोलताय ना? मॅडम, तुमच्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग आलीय. कधी आणताय?"

मी म्हटलं, "मॅडम आता नाहीत."

"बरं बरं. मग आल्या की त्यांना सांगाल का?"

मी 'सांगते' म्हणाले आणि फोन ठेवला. तिला काय समजावत बसणार? शब्द दिलाय, म्हणून सांगते. ताई, तुझ्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग आलीय.

पुण्यानुमोदनाला विहारात तुझ्याबद्दल सगळे चांगलं बोलले. आरोग्य खात्यातले साहेब आले होते, त्यांनी तुझी सेवा, तुझा त्याग असं बरंच काही सांगितलं. मी ऐकत होते आणि मला त्यात तू सापडत नव्हतीस. मग वरच्या वाडीतल्या बायका बोलायला लागल्या. त्यांना माइक धरता येईना, तरी एक म्हातारी म्हणाली, "बाईंची लाल गाडी खालच्या वळणावर दिसली का आमच्या जीवात जीव यायचा. आता खाली बघून काय करायचं?" तेव्हा तू मला सापडलीस. साहेबांच्या भाषणात नाही, त्या वळणावर. आणि मग मला रडू आवरेना.

त्या बायकांपैकी एकीलाही तुझी गाडी कुठल्या कंपनीची ते सांगता आलं नसतं. त्यांना ती बाईंची गाडी. आणि आपण दोघी मात्र त्या कंपनीवरून अर्धं आयुष्य भांडलो. इतर बहिणी जमिनीवरून भांडतात, आईच्या पाटल्यांवरून भांडतात. आपल्या वाट्याला भांडायला तसलं काही आलंच नाही. म्हणून असेल, आपण गाडीवरून भांडलो.

तू पोलादपूरच्या वरच्या वाड्यांची नर्स, मी महाडला पंचायत समितीत क्लार्क. तू सरकारी गाडीची वाट बघून कंटाळलीस आणि स्वतःची गाडी घ्यायची म्हणालीस, तेव्हा आपल्या अख्ख्या नात्यात बाईने गाडी घेतलेली नव्हती. भावोजी तेव्हा मुंबईला छापखान्यात. शनिवारी यायचे, सोमवारी सकाळच्या एसटीने जायचे. त्यांना गाडी चालवणं सोड, गाडीत बसणंही जड. माणगावच्या अलीकडचं इंदापूर गेलं की त्यांना गाडी लागायची. हातात लिंबू धरून, डोळे मिटून ते घरापर्यंत येत. त्यांचं एकच म्हणणं होतं, "गाडी तुझी, तूच बघ. मला फक्त पुढची काच उघडी ठेव."

पहिली गाडी घेतलीस त्या दिवशी मी तुमच्याबरोबर होते. महाडच्या हायवेवरच्या शोरूममध्ये आपण गेलो तेव्हा तू आधीच कुठूनतरी जाऊन आली होतीस आणि तुझं तोंड उतरलेलं होतं. मला वाटलं, ऊन लागलं. तिथले शिर्के पुढे आले. अंगाने किरकोळ, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यांनी विचारलं, "चालवणार कोण?" तू म्हणालीस, "मी." त्यांनी तुझ्या हातात किल्ली दिली आणि भावोजींना म्हणाले, "साहेब, तुम्ही मागे बसा, मागे हवा चांगली लागते." लिंबासकट भावोजी मागे बसले. तू गाडी काढलीस आणि फाटकातच बंद पाडलीस. पुन्हा सुरू केलीस, पुन्हा बंद पडली. मी हसले, भावोजीही हसले. शिर्के हसले नाहीत. म्हणाले, "नवीन गाडीचा क्लच कडक असतो मॅडम. सावकाश होऊ द्या, आपल्याला घाई नाही."

ती लाल गाडी तू घेतलीस आणि त्या दिवसापासून ती कंपनी 'आपली' झाली. आपल्या कंपनीची नवीन गाडी आली बघ. आपल्या कंपनीचं इंजिन. आपल्या कंपनीची गाडी घाटात हूं का चूं करत नाय. मी म्हणायचे, "ताई, तुझे सासरे त्या कंपनीचे मालक होते की आपले बाबा?" तू म्हणायचीस, "तुला नाय कळायचं."

मला खरंच कळत नव्हतं. आमच्या घरात गाडी म्हणजे वस्तू. प्रकाश नवऱ्यापेक्षा गाड्यांचा दलाल जास्त, असं तूच म्हणायचीस. आज कुठली कंपनी काय नवीन देते, कुणाचा काळ चाललाय, कुणाची गाडी विकताना बरी जाते, हे बघून आम्ही गाडी बदलायचो. पहिली एका कंपनीची, दुसरी दुसऱ्या, तिसरी तिसऱ्या. तू एकदा माझ्या ओट्यावर बसून आंबोळी खाता खाता म्हणालीस, "शैले, तुझ्या घरात गाडी नि पाहुणा सारखाच. ओळख होते तोवर निघून जातो."

मी चिडले होते. मी म्हटलं, "आणि तू? तुझं म्हणजे एकदा निवडलं की चुकलं असं कबूलच करायचं नाही. लोक एकाच कंपनीला चिकटतात ते प्रेमाने नाही, भीतीने. बदलायची भीती."

तू बशीतला चहा संपवलास. "आसंल," म्हणालीस. तुझं ते 'आसंल' म्हणजे भांडणाच्या तोंडावर दार लावून घेणं असायचं.

आणि कारण तरी कधी एक द्यायचीस का? भावोजींना सांगायचीस, ॲव्हरेज चांगला देते. तुझ्या बरोबरच्या नर्सना सांगायचीस, चढाला ओढते. मला सांगायचीस, सवय झाली गो. प्रकाश म्हणायचा, "ताईंना खरं कारण विचारू नकोस, त्यांना स्वतःलाच ठाऊक नसेल." मलाही तसंच वाटायचं. आमच्या मधल्या गाडीत तर तू कधी पुढे बसलीच नाहीस. जयंतीला आपण सगळे चवदार तळ्यावर जायचो, तेव्हाही तू मागच्या सीटवर अंग चोरून बसायचीस, जसं काही कुणाच्या घरी आगंतुक गेलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "ह्या कंपनीची गाडी मला मानवत नाय." माणसाला वांगं मानवत नाही हे मी ऐकलं होतं. गाडीची कंपनी मानवत नाही, हे तुझ्याचकडून ऐकलं.

मग तो पूर आला. तू ट्रेनिंगला अलिबागला गेली होतीस आणि लाल गाडी आमच्या दारात लावली होतीस, कारण पोलादपूरला रस्त्याचा भरवसा नव्हता. भरवसा महाडचा नव्हता, हे आपल्याला नंतर कळलं. सावित्री नदी घरात आली तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे होतो. तिथून मी खाली बघत होते. आधी आमची गाडी दिसेनाशी झाली, मग तुझी. तुझ्या गाडीचं लाल टप थोडा वेळ पाण्यावर दिसत राहिलं आणि मग तेही गेलं.

पाणी ओसरलं तेव्हा सगळं गाव एकाच रंगाचं झालं होतं. तू कशीबशी पोचलीस, चिखलातून चालत. घरात पाऊल टाकायच्या आधी गाडीकडे गेलीस. दार उघडेना, तर काचेवरचा गाळ हाताने काढायला लागलीस. आमची गाडी शेजारीच उभी होती. तिच्याकडे प्रकाशने बघितलं आणि म्हणाला, "गेली. विम्याचं बघतो." आठवडाभरात आम्ही तिला विसरलो. खोटं नाही बोलत, मला आता तिचा नंबरही आठवत नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी शिर्के आले. शोरूमचं वर्कशॉप बुडालं होतं, त्यांचं घरही बुडालं होतं. पायात गमबूट, अंगावर कुणाचातरी मोठा शर्ट. त्यांनी बॉनेट उघडलं, आत बराच वेळ बघितलं आणि बंद केलं.

"मॅडम, सांगाल तर करून देईन. कंपनीही देईल करून. पण तुम्ही वर वाड्यांवर जाता. एखाद्या अडलेल्या बाईला घेऊन उतरताना ही मधेच बंद पडली, तर मला आयुष्यभर लागून राहील. ही सोडा."

तू तेव्हा रडलीस. आई गेली तेव्हा तू सगळ्यांना पाणी देत फिरत होतीस. आणि एका गाडीसाठी तू आमच्या चिखलाने भरलेल्या अंगणात हुंदके देऊन रडलीस. शिर्के तसेच उभे राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "खूप चालली ती. तिने काही कमी केलं नाही."

पुढे तू पांढरी गाडी घेतलीस ती त्याच शोरूममधून. लाल गाडीचं मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केलं होतं. मी पुन्हा भांडले. मी म्हटलं, "शिर्के चांगला माणूस आहे, मान्य. पण गाडी काय शिर्क्यांनी बनवलीय?"

"मग कुणी बनवलीय?"

"कंपनीने."

"कंपनी मी बघितली हाय का? मी शिर्के बघितलेत."

मी हे प्रकाशला सांगितलं, तर तो म्हणाला, "हे मात्र बरोबर आहे त्यांचं."

ताई, आजारपणाचं मी फार लिहिणार नाही. वाडी-वाडीतल्या बायकांना तपासून घ्या, तपासून घ्या म्हणून तू घसा कोरडा केलास, आणि स्वतःची गाठ स्वतःच्या हाताला लागली तेव्हा ती 'जरा लसीकरण संपू दे' म्हणून मागे ठेवलीस. यावर मी तुझ्याशी भांडायला पाहिजे होतं. पण तू एवढी शांत होतीस की भांडायला जागाच नव्हती.

उपचार नवी मुंबईला. तुला गाडी चालवायला मनाई नव्हती, पण एवढ्या लांब तू कशी चालवणार? म्हणून आमच्या गाडीने जायचो. मी चालवायचे, तू शेजारी. तो हायवे तुला माहीतच आहे, किती वर्षं होतोच आहे. एकेका खड्ड्याला तुझा हात दारावरच्या कडीला घट्ट व्हायचा. माणगाव आलं की थांबायचं, तू कडेला उलटी करायचीस, चूळ भरायचीस, आणि पुन्हा बसताना म्हणायचीस, "ब्रेक कसला गो हा? तू दाबतेस कधी, लागतो कधी." मी म्हणायचे, "तुझ्या कंपनीचा नाही ना, म्हणून." एवढ्या दुखण्यातही तू हसायचीस. तुझा उजवा पाय खाली रिकाम्या जागेत ब्रेक दाबत असायचा. येताना तुला झोप लागायची. डोकं काचेकडे कलायचं आणि तुझा तो फुलांचा रुमाल डोक्यावरून घसरायचा. मी एका हाताने तो सारखा करायचे आणि तू झोपेत म्हणायचीस, "पुढे बघ."

मग आजार डाव्या खुब्यात उतरला. डाव्या पायाने क्लच दाबताना तुझ्या तोंडातून आवाज निघायला लागला. सगळ्यांनी ठरवलं, आता पुरे. तुझा अमित पुण्याहून आला तो हेच सांगायला. "आई, ड्रायव्हर ठेवू. तुला पाहिजे तिथे नेईल." भावोजीही म्हणाले, "आता कशाला त्रास?"

तू काठी टेकून खुर्चीत बसली होतीस. म्हणालीस, "क्लच नसलेली गाडी मिळते ना? डॉक्टरांना विचारलंय मी. उजवा पाय चांगला हाय. जवळच्या जवळ चालवा म्हणाले."

"पण आई, आता नवीन गाडी..." अमित थांबला. पुढचं आम्हा सगळ्यांच्याच मनात होतं.

तूच बोललीस. "किती दिवस चालवीन, ते मला माहीत हाय. त्यासाठीच घ्यायचीय. मला मागच्या सीटवरून जायचं नाय."

दुसऱ्या दिवशी आपण महाडला त्याच शोरूममध्ये गेलो. तू, मी आणि अमित. नवीन काचा, नवीन खुर्च्या, मोठा पडदा आणि त्यावर डोंगरातून जाणाऱ्या गाड्या. आत शिरताच तू विचारलंस, "शिर्के असतात का?" काउंटरवरच्याने दुसऱ्याकडे बघितलं. दुसरा म्हणाला, "कोण शिर्के?"

मग टाय लावलेला एक तरुण आला. त्याने तुझा रुमाल बघितला, काठी बघितली आणि अमितशी हात मिळवला. तू म्हणालीस, "ऑटोमॅटिक गाडी बघायचीय." तो अमितला म्हणाला, "सर, उत्तम निर्णय. पेशंटला खूप आरामदायी पडेल. मागची सीट बघा सर, अशी कलते. पेशंट पूर्ण आडवे होऊ शकतात." तू विचारलंस, "गाडी पोटाला खाली घासणार नाय ना? वरचा रस्ता कच्चा हाय." त्याने उत्तर दिलं, पण अमितला. तू परत विचारलंस, त्याने परत अमितलाच सांगितलं. अमित म्हणाला, "अहो, गाडी आई चालवणार आहे."

तो तरुण हसला. वाईट नव्हतं ते हसणं, लहान मुलाने मी विमान उडवणार म्हटल्यावर आपण हसतो तसं होतं. "मावशींची हिंमत दांडगी आहे हं," असं तो अमितला म्हणाला.

तू पाण्याचा ग्लास उचललास, सावकाश सगळं पाणी प्यायलीस, ग्लास टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, "चल शैले."

बाहेर आल्यावर अमित रागाने लाल झाला होता. "आई, मी मॅनेजरला सांगतो. नवीन पोरगा आहे, त्याला अक्कल नाही. इतक्या वर्षांचं तुझं नातं आहे इथे."

"कुणाशी?" तू विचारलंस.

तू काठीने रस्त्याच्या पलीकडे दाखवलंस. तिथे आमच्या मधल्या गाडीच्या कंपनीचं शोरूम होतं, जी तुला मानवत नव्हती तीच. मी म्हटलं, "तिथे?" तू म्हणालीस, "बघू तर."

तिथे बिरवाडीची एक मुलगी होती, कामाला लागून फार दिवस झालेले नसावेत. तिनेही रुमाल बघितला, काठीही बघितली. तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं, ते मला दिसलं. पण तिने विचारलं एवढंच, "चालवणार कोण, मॅडम?"

"मी."

"मग या इकडून. मी सीट उंच करते, पाय आधी आत घ्यायला सोपं पडेल."

त्या दिवशी तू महाडच्या हायवेवर गाडी चालवलीस. ती मुलगी शेजारी बसली होती, अमित आणि मी मागे. तू एकदाही बंद पाडली नाहीस. परत येऊन तू म्हणालीस, "हीच. करड्या रंगात असेल तर बघा."

मला एवढा आनंद झाला होता, ताई! तुझ्या आजाराचासुद्धा विसर पडला. घरी येताना मी टाळ्या वाजवल्या. "जिंकले मी! बदललीस शेवटी! एवढी वर्षं आपली कंपनी, आपली कंपनी, आणि एका ग्लासभर पाण्यात सोडलीस?" तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. "आसंल," म्हणालीस.

खरं कारण तू कशेडी घाटात सांगितलंस. गाडी आल्यावर तुला घाट चढायचा होता. बोगदा झाल्यापासून जुन्या घाटाने कोण जातं? अमित म्हणाला, बोगद्यातून जा, सोपं आहे. तू म्हणालीस, "सोपं नको, घाट पाहिजे." सकाळची वेळ होती. तू स्टिअरिंगवर, मी शेजारी, भावोजी मागे लिंबू घेऊन. रस्ता रिकामा. कुठे दरडीची माती अजून कडेला पडलेली, झाडं रस्त्यावर वाकलेली. तू रमतगमत चालवत होतीस आणि तुझा चेहरा मला कितीतरी महिन्यांनी तुझा वाटत होता. भावोजी मागून म्हणाले, "आज मला मळमळत नाय गो. काय झालं?" तू म्हणालीस, "क्लच नाय तर झटका नाय." आपण तिघंही खूप हसलो.

मग तू आपणहून बोललीस.

"शैले, पहिली गाडी घ्यायला गेलो त्या दिवशी तू यायच्या आधी आम्ही एका ठिकाणी जाऊन आलो होतो. आठवतं?"

"तुझं तोंड उतरलं होतं."

"तिथला माणूस ह्यांच्याशीच बोलत होता. ह्यांनी दहादा सांगितलं, मला नाय कळत, तिला विचारा. तरी तो ह्यांच्याकडेच बघायचा. मी गाडीच्या दाराला हात लावला, तर म्हणाला, वहिनी, जरा सांभाळून, नवीन हाय. मी पगारातून पैसे साठवले होते. माझ्या पर्समध्ये होते ते. आणि मी दाराला हात लावायचा नाय."

मागून भावोजी म्हणाले, "मला लाज वाटली होती त्या दिवशी. मी बोललो नाय कधी."

"नंतर शिर्क्यांनी विचारलं, चालवणार कोण. बास. एवढंच."

मी विचारलं, "आणि ते पहिलं ठिकाण कुठलं?"

तू स्टिअरिंगवर बोट आपटलंस. "हीच कंपनी. जिची गाडी मी चालवतेय ती."

एवढी वर्षं आमच्या गाडीत तू अंग चोरून बसायचीस ते आठवलं. मानवत नाही म्हणायचीस. आणि ज्या दारातून तू तोंड पाडून उठून आली होतीस, त्याच दारात आयुष्याच्या शेवटी काठी टेकत परत गेलीस.

"त्या बिरवाडीच्या पोरीला सांगितलंस हे?"

"तिला कशाला? ती तेव्हा पाळण्यात असंल. तिचा काय दोष?"

तेव्हा मी तुला तो प्रश्न विचारला, ताई. मी म्हटलं, "मग त्या पहिल्या माणसाच्या मागे कंपनीचा तरी काय दोष होता? आणि शिर्क्यांच्या चांगुलपणात कंपनीचं काय होतं? सगळं माणसांचंच होतं, तर एवढी वर्षं एका नावावर राग आणि एका नावावर माया कशाला धरलीस?"

तू म्हणालीस, "थांब, वळण येतंय. वळण जाऊ दे, मग सांगते."

वळण गेलं. पुढे दुसरं आलं. मग वर चहाची टपरी आली, तिथल्या बाईने तुला ओळखलं, तिच्या नातवाची कावीळ निघाली, त्याला काय द्यायचं ते तू सांगत बसलीस. उतरताना तू थकली होतीस आणि मी विचारलं नाही. म्हटलं, आहे वेळ. घरी कधीतरी निवांत विचारू.

नंतर तू ती गाडी आणखी थोडे दिवस चालवलीस. एकदा वरच्या वाडीपर्यंत गेलीस, सगळ्यांना भेटून आलीस. बायका गाडीला हात लावून बघत होत्या आणि तू त्यांना सांगत होतीस, लावा, लावा, काय होत नाय. मग तुला बसवेना. मग उठवेना. शेवटचं नीट बोललीस ते दुपारी, डोळे मिटूनच: "गाडी सावलीत हाय ना गो?" ती उन्हात होती. मी जाऊन आंब्याखाली लावली आणि परत आले, तर तू झोपली होतीस. त्यानंतर तू बोलली नाहीस.

तुझी गाडी अमित पुण्याला नेणार होता. मग तोच म्हणाला, विकून टाकू, बघवत नाही. त्याची बायको म्हणाली, मी चालवेन आईंची. भावोजींनी किल्ली तिच्याच हातात दिली. ती निघाली तेव्हा ते फाटकापर्यंत गेले, आणि गाडी हायवेला लागून दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे राहिले. मी त्यांना आत आणलं. म्हणाले, "चालवते चांगली. हिच्यासारखी नाय, पण चांगली."

आणि आता माझं सांगते.

गेल्या रविवारी प्रकाश घरात तीन-चार शोरूमची पत्रकं घेऊन आला. आमच्या गाडीला बरीच वर्षं झाली. आमच्या मानाने फारच. नवीन काय काय आलंय ते तो उत्साहाने सांगत होता. मुद्दाम बोलत होता, हे मला कळत होतं. गप्प बसलेल्या मला कुठेतरी गुंतवायचं होतं त्याला. मी म्हटलं, "राहू दे. गाडी बदलायची नाही."

त्याने पत्रक खाली ठेवलं. "तू म्हणतेस हे? अगं, तिचे ब्रेक खरंच गेलेत. ताईसुद्धा सांगायच्या."

"ब्रेक दुरुस्त करून घे."

"पण का?"

त्याला नीट सांगता आलं नाही मला. कुणी विचारलं असतं तर मीही तुझ्यासारखं एकेकाला एकेक कारण दिलं असतं. रस्ते खराब आहेत. हिची सवय झालीय. नवीन गाड्यांना आता दम नाही. तुला मात्र खरं सांगते, कारण वळण गेल्यावर तू जे सांगणार होतीस ते बहुतेक हेच असावं, किंवा नसेलही. तू आता काही सांगणार नाहीस, तर माझं मीच धरून चालते.

काल मी एकटीच माणगावपर्यंत जाऊन आले. काही काम नव्हतं. जाताना डाव्या बाजूची सीट रिकामी होती, येतानाही. तरी मी ब्रेक जरा आधीच दाबत होते. ताई, नवीन गाडी कुठल्याही कंपनीची येऊ दे, चांगली असेल, ब्रेकही झटक्यात लागतील तिचे. पण तिच्यात तू कधी बसलेली नसशील.